शुगर १८० आली... पण कधी, कशावर आणि कुठली गोळी घेऊन?

"शुगर १८० आली, घाबरायचं का?" या प्रश्नाला एका ओळीत खरं उत्तर नाही. सकाळी उपाशीपोटी १८० असेल तर बहुधा मधुमेह आहे, किंवा आधीपासून असलेला ताब्यात नाही. मधुमेहाचं औषध चालू आहे आणि जेवायला बसून दीड तास झालाय, तर १८० ला कोणी नाव ठेवणार नाही. गुडघ्यात परवाच स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्या १८० चा दोष कालच्या भाताला देऊ नका. वेळ, ताटात काय होतं आणि पोटात कुठली गोळी आहे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय मीटरवरच्या आकड्यावर बोलायलाच नको, असं माझं मत आहे. हा लेख त्यासाठीच.

आधी थोडा हिशेब. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. शुगर १०० असते म्हणजे दर डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. सगळ्या रक्तात मिळून भरलं ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा, बस्स. इकडे एका मध्यम पोळीतच २० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतात आणि त्यांचं शेवटी ग्लुकोजच होतं. दोन पोळ्या आणि वाटीभर भात पोटात गेला की रक्तात जेवढं आहे त्याच्या कितीतरी पट ग्लुकोज दोन-तीन तासांत आत येतं आणि ते तितक्याच वेगाने स्नायूंत, यकृतात, चरबीत हलवावं लागतं. हे काम इन्सुलिनचं. रात्री उलटं चालतं. एकटा मेंदूच तासाला सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज खातो, म्हणून जेवण नसताना यकृत साठ्यातलं ग्लुकोज थोडं थोडं सोडत राहतं. ग्लुकागॉन नावाचं हॉर्मोन त्याला तसा हुकूम देतं.

टाइप १ मध्ये इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. टाइप २ मध्ये आधी शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि मग वर्षानुवर्षं जादा काम करून स्वादुपिंड थकतं. दोन्हीत शुगर वर जाते. मग खाली का येते? तर बहुतेक वेळा आपण दिलेल्या औषधामुळे. शुगर वाढणं हा रोग आहे. शुगर उतरणं हा बहुधा उपचाराचा परिणाम आहे. हे नीट ध्यानात आलं की पुढचं अर्धं आपोआप कळतं.

निदानाचे आकडे

किमान ८ तास उपाशी राहून केलेली तपासणी १०० च्या खाली असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी १४० च्या आत हवी, २०० किंवा पुढे मधुमेह, मधला टप्पा पुन्हा उंबरठ्याचा. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ५.७ च्या खाली चांगलं, ६.५ पासून मधुमेह. तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. दुसऱ्या दिवशी परत तपासायचं, किंवा एकाच वेळी दोन वेगळ्या चाचण्या सीमेपलीकडे यायला हव्यात. आणि निदान प्रयोगशाळेत, घरच्या ग्लुकोमीटरवर नाही.

लंडन, मेलबर्न किंवा टोरांटोला मुलाकडे गेलात आणि तिथला मीटर ७.८ दाखवायला लागला तर दचकू नका. त्यांचं एकक मिलिमोल आहे. १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो : १४०.

"मी तर सडपातळ आहे" हा आपल्याकडचा सर्वात महागात पडणारा गैरसमज. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा आपल्याबाबतीत असा फसवतो. पोटाचा घेर जास्त खरं बोलतो. आणि गोवेकरांनी तर पोटाचा घेर बघायचीही वाट पाहू नये. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं, गोव्यात २६.४ टक्के. देशात सर्वाधिक.

मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला खोटं ऐकवलं जातं

आंबा सोलला, हात पंचाला पुसले आणि बोट टोचलं, तर मीटर आंब्याची शुगर मोजणार. साबण-पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करणं हा एवढाच काय तो मंत्र. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावलं तर ते वाळू द्या, ओल्या बोटावरचा थेंब पातळ होतो. टोचायचं बोटाच्या बाजूला, मधोमध नाही. मध्यावर दुखतं जास्त आणि रक्तही कमी येतं. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून थोडा हलवा. बोट पिळून काढलेल्या थेंबात पेशींमधलं पाणी मिसळतं.

स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की हवेतला दमटपणा आत जातो. कोकणातल्या पावसाळ्यात हे फार होतं. स्ट्रिप काढली की झाकण लगेच बंद, आणि डबी फ्रिजमध्ये नको, बाथरूमच्या फडताळात तर नकोच. दोन डब्यांतल्या उरलेल्या स्ट्रिपा एकत्र करून ठेवण्याची सवय असेल तर सोडा, कारण मुदत डबीवर लिहिलेली असते, स्ट्रिपवर नाही. हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर मीटर खऱ्यापेक्षा जास्त शुगर दाखवतो, हेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

अचूकतेचं मानक (आयएसओ १५१९७) मीटरला १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा देतं. म्हणजे रक्तात खरोखर १८० असेल तर मीटरवर १५३ पासून २०७ पर्यंत काहीही चालतं. काल १६८, आज १८१, म्हणून "वाढली बघ" म्हणत जेवण कमी करणाऱ्यांनी एवढं वाक्य परत वाचावं. या दोन आकड्यांत काही फरकच नाही. एकाच वेळेचे आठ-दहा दिवसांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की मग कल दिसतो.

प्रयोगशाळाही चुकते. रक्तातल्या पेशी नळीतसुद्धा ग्लुकोज खात राहतात. साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के शुगर कमी होते. म्हणून शुगरसाठी फ्लोराइडची, राखाडी झाकणाची नळी वापरतात. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा राखाडी नळी वापरतो का आणि पुढे चार घरं फिरून लॅबला कधी पोचतो, हे विचारायला लाजू नका.

जेवणानंतरची, म्हणजे पीपी, पहिल्या घासापासून दोन तासांनी. हात धुतल्यापासून नाही. आणि त्या दिवशी मुद्दाम अर्धी पोळी खाऊन, गोळी चुकवून पीपी दिली तर तो रिपोर्ट कशाचा? रोजचं जेवण, रोजची गोळी, तरच त्या आकड्यावर औषध ठरवता येतं.

दंडावर लावायचा सेन्सर घेतला असेल तर तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो. आकडा ५ ते १५ मिनिटं मागे असतो. शुगर झपाट्याने उतरत असताना सेन्सरवर ८५ आणि माणूस घामाघूम, असं दिसलं तर माणसावर विश्वास ठेवा आणि बोट टोचा. उलट रात्री त्याच दंडावर झोपल्याने दाब पडून सेन्सर उगाचच ५५ दाखवून घरादाराला जागं करतो.

शुगर उतरते तेव्हा

७० च्या खाली गेली की उपाय सुरू करायचा, ५४ च्या खाली म्हणजे धोका. आधी शरीर ओरडून सांगतं : दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम भुकेचा डोंब. तिकडे दुर्लक्ष झालं तर मेंदू उपाशी पडायला लागतो. बोलणं अडखळतं, माणूस चिडतो, भलतंच बोलतो, कपडे घालता घालता मधेच थांबून बघत राहतो, शेवटी झटके किंवा बेशुद्धी. वयस्कर माणसात पहिला टप्पा पुष्कळदा दिसतच नाही. आजोबा संध्याकाळी विचित्र वागतात म्हणून वयाला दोष दिला जातो, किंवा अर्धांगवायू समजून धावपळ होते. मधुमेहाचं औषध घेणारा कोणीही अचानक वेगळा वागू लागला तर आधी बोट टोचा, मीटर हाताशी नसेल तर शुगर कमी आहे असंच धरून चाला.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारखी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र येतो. अशा माणसाने घामाला सूचना समजावं.

उपाय ठरलेला आहे. १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं, परत मोजायचं. चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात विरघळवून प्यायची. पावडर नसेल तर तीन चमचे साखर, किंवा अर्धा ग्लास फळांचा रस. १५ मिनिटांनीही ७० च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा. शुगर वर आली आणि पुढचं जेवण तासाभरापेक्षा लांब असेल तर अर्धी भाकरी, पोळी किंवा दूध असं काहीतरी खायचं, नाहीतर ती परत उतरते. पेढा, बर्फी, चॉकलेट यांनी काम होत नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे ग्लुकोज उशिरा रक्तात पोचतं. डबाभर लाडू संपवणंही नको. भीतीने माणूस खात सुटतो आणि तासाभराने शुगर ३०० ला जाते. ते समजण्यासारखं आहे, पण टाळता येतं.

आता एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधं एकाच गोळीत आपल्याकडे सर्रास दिली जातात. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतं, त्याने शुगर उतरू शकते. आणि व्होग्लिबोज आतड्यातलं साखर फोडणारं एन्झाइमच अडवतं. म्हणजे ज्या गोळीने शुगर उतरवली तीच गोळी तुम्ही दिलेल्या साखरेलाही वेळेवर रक्तात जाऊ देत नाही! व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्याच्या घरात म्हणून ग्लुकोज पावडरच हवी. ती नसेलच तर मध, त्यात मोकळं ग्लुकोज असतं. गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरं आजच वाचा आणि यातलं एखादं नाव दिसलं तर ग्लुकोजचा एक डबा स्वयंपाकघरात, एक पुडी खिशात.

माणूस गिळू शकत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ना साखर, ना पाणी. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ॲम्ब्युलन्समध्ये किंवा दवाखान्यात शिरेतून डेक्स्ट्रोज देतात आणि बहुतेक वेळा माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो. इथेच घोटाळा होतो : "बरं वाटतंय, घरी नेतो." इन्सुलिनने उतरलेली शुगर एकवेळ सावरते, पण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडने उतरलेली, आणि त्यातही क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध अंगातून बाहेर पडायला वेळ लागतो आणि शुगर तासन्‌तास पुन्हा पुन्हा खाली जाते. डॉक्टर रात्रभर ठेवून घेतो म्हणाले तर बिल वाढवत नाहीयेत.

नुसतं मेटफॉर्मिन, किंवा नुसतं सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन यांनी शुगर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांची मंडळी आणि इन्सुलिन, यांच्यावर नजर हवी. दारूवरही. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की नवं ग्लुकोज बनवणं थांबवतं. रात्री उपाशीपोटी प्यालेल्याची शुगर पहाटे उतरते आणि आसपासचे लोक "चढलीय" म्हणून झोपू देतात.

इन्सुलिनमधली एक चूक तर निव्वळ प्लॅस्टिकच्या टोपीची आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याचशा बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असतं. त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या काडतुसात आणि अमेरिकेहून आणलेल्या बाटलीत १०० युनिट असतं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत १०० वालं इन्सुलिन भरलं तर अंगात जातात ५० युनिट, अडीचपट. उलटं केलं, म्हणजे केशरी सिरिंजमध्ये ४० वालं, तर २० च्या जागी फक्त ८ जातात आणि शुगर का वाढतेय हे कोणालाच कळत नाही. मुलीने परदेशातून प्रेमाने आणलेली बाटली वापरण्याआधी तिच्यावरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय का ते पाहा. तसंच, रोज एकाच जागी टोचून पोटावर मऊ गाठी झाल्या असतील तर तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. तोच डोस, तेच जेवण, आणि आज ९०, उद्या २६०. अशा वेळी जागा बदलायचीच, पण डॉक्टरांना सांगून. ताज्या कातडीतून पूर्ण डोस शोषला जातो आणि शुगर धाडकन उतरू शकते.

आणखी एक. वर्षभर ३०० ला राहिलेल्या माणसाला उपचार सुरू झाल्यावर ११० लाच घाम आणि थरथर होते. शरीराला तेवढीच सवय झालेली असते. त्याला साखर भरवायची गरज नाही. मोजून खात्री करायची आणि थोड्या आठवड्यांत ते जातं.

उपवासाचं काय

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. मराठी घरात उपवासाचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचे धोके अगदी विरुद्ध. खाऊन केलेला उपवास शुगर चढवतो. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च. ६० ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत ५० ग्रॅमहून जास्त पिष्ट, वर बटाटा, सोबत रताळ्याचा कीस. डाळ-उसळ नाही, पालेभाजी नाही. खाल्ल्यावर दोन तासांनी मोजून पाहाच एकदा. त्यापेक्षा दाणे, ताक, दही, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर आणि वरी थोडी, असं ताट बरं. वरी "चालते" म्हणून दोन वाट्या मात्र नाही.

निरंकार उपवास शुगर उतरवतो, आणि तो ग्लिमेपिराइडची सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन केला तर दुपारपर्यंत घाम फुटायची वेळ येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांची तर निराळीच भानगड आहे. त्या लघवीवाटे ग्लुकोज बाहेर टाकतात. अन्न-पाणी बंद असताना त्या चालू राहिल्या तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचू शकतात आणि शुगर मात्र २०० च्याही आत दिसते. मीटर बघून गाफील राहिलेला माणूस मळमळ, उलट्या आणि धाप घेऊन दवाखान्यात पोचतो. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस ही गोळी बंद करायला सांगतात ती याचसाठी. उपवासाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर उपवास तिथेच सोडा; देव हिशेब ठेवत नाही, मूत्रपिंड ठेवतं.

रोजच्या ताटाबद्दल थोडक्यात : गूळ म्हणजे साखरच. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीन भाकऱ्या चांगल्या नाहीत. आधी भाजी, कोशिंबीर, उसळ आणि शेवटी भात-पोळी, या क्रमाने तेच जेवण कमी शुगर चढवतं. जेवून १०-१५ मिनिटं चाललं तर फरक मीटरवर दिसतो.

शुगर चढलेली राहते तेव्हा

रक्तात साधारण १८० च्या वर शुगर गेली की मूत्रपिंडाला ती धरून ठेवता येत नाही. ग्लुकोज लघवीत उतरतं, सोबत पाणी ओढतं, म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान, आणि खाल्लेलं वाहून जातं म्हणून वजन उतरतं. पण १४० ते २०० च्या पट्ट्यात वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, तळपायाच्या नसा मात्र झिजत असतात. वर्षातून एकदा पडद्याची तपासणी, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी आणि पायांची तपासणी. शुगर कितीही चांगली असो.

मग ती सरळ नॉर्मललाच का आणू नये? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डीसीसीटी अभ्यासाने दाखवून दिलं की टाइप १ मध्ये शुगर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड, नसा वाचतात. त्याच अभ्यासात शुगर धोकादायक उतरण्याचे प्रसंग तिप्पट झाले. टाइप २ च्या ॲकॉर्ड अभ्यासात एचबीए१सी ६ च्या खाली आणू पाहणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून २००८ मध्ये तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. म्हणून बहुतेकांना जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ च्या आसपास असं लक्ष्य दिलं जातं. ऐंशीच्या आजींना, त्यातून हृदयविकार किंवा विसराळूपणा असेल तर ८ सुद्धा चालतं. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या ऐंशीच्या आजींचा ६.२ चा रिपोर्ट अभिमानाने दाखवला जातो, तेव्हा मला कौतुकापेक्षा काळजी वाटते.

काही वेळा चढलेली शुगरही तासांतच जिवावर बेतते. लहान मूल एकाएकी सारखं पाणी पिऊ लागलं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, वजन उतरलं आणि आता पोटात दुखून उलट्या होतायत, श्वास खोल आणि जलद चाललाय, तर ते अपचन समजू नका. बोट टोचायला सांगा. टाइप १ ची पहिली ओळख पुष्कळदा अशी कीटोअॅसिडोसिसनेच, म्हणजे रक्तात कीटोन साचूनच होते. म्हाताऱ्या माणसात दुसरा प्रकार : ताप किंवा जुलाब, पाणी कमी, शुगर हळूहळू ६०० च्याही वर आणि माणूस ग्लानीत. आजारपणात जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं ही यातली नेहमीची चूक. आजारात शुगर उलट वाढते. दर ४ तासांनी मोजा, पाणी पाजत राहा, आणि उलट्या होत असतील तर मेटफॉर्मिन व डापाग्लिफ्लोझिन थांबवायचं का ते फोन करून विचारा.

स्टेरॉइड सकाळी घेतलं की शुगर दुपारनंतर चढते, सकाळची उपाशीपोटीची मात्र छान दिसते. फक्त फास्टिंग मोजणाऱ्याला पत्ताच लागत नाही. २०२१ च्या कोरोना लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने जे थैमान घातलं त्यामागे चढलेली शुगर आणि स्टेरॉइड ही जोडी होती.

रात्री १३० आणि सकाळी न खाता १७०, हे कसं, असं अनेकजण चिडून विचारतात. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात, यकृत ग्लुकोज सोडतं, इन्सुलिन कमी पडतं. रात्रीचं जेवण आणखी कमी करून हे सुटत नाही. इन्सुलिन चालू असेल तर दोन-तीन रात्री पहाटे ३ ला मोजा. त्या वेळी ६० असेल तर रात्रीचा डोस जास्त होतोय, आणि सकाळचे १७० बघून तो वाढवला तर संकट ओढवेल.

तीन महिन्यांची सरासरी

एचबीए१सी ७ म्हणजे सरासरी शुगर १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. सरासरीत चढउतार लपतात; रोज ६० आणि २५० मध्ये झुलणाऱ्याचाही आकडा देखणा येऊ शकतो. शिवाय ही चाचणी लाल पेशींवर बसलेलं ग्लुकोज मोजते आणि लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात हे गृहीत धरते. लोहाची कमतरता असलेल्या बाईचं एचबीए१सी उगाच वाढलेलं येऊ शकतं. नुकतंच रक्त चढवलं असेल, डायलिसिस चालू असेल, तर आकड्यावर भिस्त नको. नंदुरबार, गडचिरोली आणि एकूण विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. त्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, ग्लुकोज बसायला वेळच मिळत नाही आणि मधुमेह असूनही एचबीए१सी ५.५ येतं. आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक आलं असेल तरी काही यंत्रांवर आकडा चुकतो. घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर हिमोग्लोबिनची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी एकदा करून तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा, आणि निदान व पाठपुरावा उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या शुगरवर करायला सांगा. तीन महिन्यांऐवजी दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामिन ही चाचणीही मोठ्या लॅबमध्ये होते.